मी गिळलेली ओळ

तुम्ही खरोखर आहात, याचा माझ्याजवळ पुरावा काय?

रागावू नका. लढाईची तीन वर्षं मी हा प्रश्न समोरच्या प्रत्येकाकडे बघून मनात विचारत होतो. उत्तर सापडत नव्हतं याचं मला दुःख नव्हतं, उलट बरं वाटत होतं. का बरं वाटत होतं, ते कबूल करायला बसलो आहे.

माझं शिक्षण पत्रकांवर झालं. सांगलीला कॉलेजात होतो, पण वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही आणि बंदी घातलेल्या चोपड्या अजून पाठ आहेत. जप्तीची भीती असायची, म्हणून चोपडी हाती आली की आम्ही तिची शिवण उसवायचो आणि पानं चौघांत वाटून घ्यायचो. ही सवय एवढी अंगवळणी पडली की जिला सरकारने कधी हात लावला नसता अशी तत्त्वज्ञानाची चोपडीही आम्ही तशीच उसवली. सोळा पानांपैकी पहिली चार माझ्याकडे आली. त्यांत लिहिलं होतं की माणसाला फक्त स्वतःचं मन कळतं. समोरचा माणूस हे त्या मनातलं चित्र. चित्रामागे कुणी आहे की नाही, हे कळायला वाट नाही.

उरलेली बारा पानं मी मागितली नाहीत. मला हवं ते मिळालं होतं.

हवं होतं ते एका माणसामुळे. उंब्रजहून तासभर चाललं की आमचं गाव. सातवीपर्यंत तो माझ्या शेजारी बसायचा. सातवीच्या फायनल परीक्षेला मी केंद्रात पहिला आलो, तो कसाबसा सुटला. मग तो पलटणीत भरती झाला आणि मी कॉलेज सोडून चळवळीत पडलो. धरपकडीने आमची फळी मोडल्यावर मी घरी परतलो, तेव्हा वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. ताट पुढे सरकवायचे, शब्द नाही. मी साम्राज्यशाहीवर पानंच्या पानं लिहिली होती आणि ती ऐकायला घरात कुणी नव्हतं. आणि त्या सातवी पास शिपायाचं पत्र आलं की त्याचे वडील मोट सोडून, हात धुऊन, पटक्याला पुसून ऐकायला बसत.

ते पत्र वाचायचं कुणी? मी.

त्याच्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं. पहिल्या महायुद्धात ते स्वतः पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आले होते, पण अक्षर येत नव्हतं. दर बाजाराच्या दिवशी मी उंब्रजहून टपाल आणायचो आणि विहिरीच्या थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडतं तिथे, बसून त्यांना वाचून दाखवायचो. वाचता वाचता त्यांचं तोंड बघायचो. कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडायच्या. माझ्याकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं. शिवाय पोरगा लिहायचाही बरं. एकदा त्याने समुद्राबद्दल दोनच ओळी लिहिल्या: "आबा, इथं पाण्याला दुसरा काठ न्हाई. बघून भूक मरती." मी समुद्र पाहिलेला नव्हता. त्या दोन ओळींचा राग मला आठवडाभर पुरला.

लढाईतली पत्रं तपासून येत. नको ती ओळ अधिकारी पात्याने कापून टाकायचा, कागदाला खिडकी पडायची. पहिल्यांदा तशी खिडकी आली तेव्हा आबांनी विचारलं, इथं काय हुतं रं? मी म्हणालो, जेवणाची आबाळ आहे असं असणार. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

पुढच्या पत्रापासून मी खिडकी आहे हे सांगणंच सोडलं, तोंडाने भरून टाकायला लागलो. मग खिडकी नसतानाही भरू लागलो. त्यांचा मुलगा माझ्या तोंडून साहेबाला शिव्या देऊ लागला, परक्याच्या लढाईत आपण का मरायचं म्हणून विचारू लागला. सगळी माझी पत्रकं, त्याच्या सहीने. चार पानांचा आधार होताच. आबांच्या मनातला मुलगा माझ्या आवाजाने बनतो, आबा माझ्या मनात बनतात, तेव्हा लबाडी झाली तर ती कुणाशी?

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. उत्तर आबा सांगतील तसंच मी लिहायचो. त्यांत मुलाच्या खोकल्याबद्दल असायचं, म्हशीबद्दल असायचं. मी घातलेल्या एकाही वाक्याला उत्तर नसायचं.

मग एका पत्रात आलं: "आबा, मला फीत मिळाली. नाईक झालो. तुमी बसऱ्याहून आला तवा फितीवाचून आला, ती मी आणली." मी ओळ मनात वाचली आणि पुढच्या ओळीवर गेलो. ठरवून काही केलं नाही. फक्त आठ्या उलगडलेलं ते तोंड त्या दिवशी मला बघवलं नसतं. मी पावसापाण्याचं वाचलं, नमस्कार वाचला, कागदाची घडी घालून दिली. आबांनी ती पटक्यात खोचली.

लढाई संपली आणि तो रजेवर आला. मीही भेटायला गेलो. उन्हाने रापलेला, उंच झालेला, बाहीवर नाइकाच्या दोन फिती. आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. बोलता बोलता तो म्हणाला, "आबा, फीत मिळाल्याचं कळवलं तर तुमी येक अक्षर लिवलं न्हाई. मी लय वाट बघितली."

आबांनी माझ्याकडे बघितलं. एवढंसंच. मग म्हणाले, "लिवलं हुतं की. टपालात गेलं आसंल कुटंतरी."

पोरगा हसला, त्याला पटलं. मी चहा तसाच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून मळ्यात गेलो. आबा उसाला पाणी देत होते. मी पायाशी बघत सुरुवात केली, तर त्यांनी खोऱ्याने बारं मोडलं, पाणी पुढच्या सरीत वळवलं आणि मला थांबवलं.

"तू घालत हुतास ते मला ठावं हुतं," ते म्हणाले. "पत्रात भोकं तीन आन् सायबाला शिव्या तेरा. तसलं लिवलेलं पत्र घरला सोडत्यात व्हय? पलटणीत मी बी ऱ्हायलोय."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"त्येचं वाचताना तू कागदावर बघायचास, तुझं सांगताना पांदीच्या वाटंकडं. म्या दोन्ही येगळं करून ठेवत हुतो. तुझं तरी ऐकायला कोन हुतं रं, गड्या? तुझा बा तर बोलत न्हाई."

तीन वर्षं मी ज्यांना माझ्या मनातलं चित्र समजत होतो, त्यांच्या मनात मी बसलो होतो, आणि माझ्या घरात नव्हतो इतका नीट.

मग ते हलकेच म्हणाले, "घातलंस ते वळखलं. गिळलंस ते कसं वळखायचं?"

याला माझ्या चार पानांत उत्तर नव्हतं. मनाला जे मिळतं ते मन पाखडतं, निवडतं, खोटं बाजूला काढतं. जे पोचलंच नाही, त्याची जागासुद्धा त्याला दिसत नाही. त्या अधिकाऱ्याने निदान खिडकी ठेवली होती. मी तीही ठेवली नाही.

आबांनी घरी नेलं, पत्र्याची पेटी उघडली आणि सगळी पत्रं माझ्यापुढे ठेवली. मी पहिल्यापासून वाचली, ओळीवर बोट ठेवून. जिथे कापलं होतं तिथे "इथं कापलंय" म्हणालो आणि थांबलो. फितीची ओळ आली तेव्हा आबांनी ती दोनदा वाचायला लावली. दुसऱ्या वेळी त्यांनी दारात उभ्या असलेल्या मुलाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. तेव्हाही माझं तेच जुनं जळणं जागं झालं. ते मेलेलं नाही, एवढं इथे लिहून ठेवतो.

बारा पानंही पुढे सांगलीच्या मित्राकडून मिळाली. लेखकाने पहिल्या चार पानांतला सिद्धांत पाचव्या पानावरच खोडून काढला होता.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्हाला अक्षर येतं. तुमच्या आळीत असं एखादं घर असेल जिथे लढाईतली पत्रं पेटीत पडून आहेत आणि ती कुणीतरी दुसऱ्याने वाचून दाखवली होती. या आठवड्यात तिथे जा. पत्रं मागा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या नमस्कारापर्यंत, बोट ठेवून, मोठ्याने वाचा. कापलं असेल तिथे कापलंय म्हणा. आणि वाचताना नजर कागदावरच ठेवा, दाराकडे बघू नका.