सपरीवरची ओळ

माझी धाकटी बहीण चौथीच्या परीक्षेला बसू शकली नाही, याला कारण मी. तीस वर्षांहून अधिक काळ हे मी कोणाला सांगितलं नाही. घरच्यांनी सगळा दोष तिच्या स्वभावावर घातला आणि मी घालू दिला. पुढे मी मास्तरीण झाले. गोंदियाजवळच्या मुर्रीच्या शाळेत पोरांपुढे उभी राहून आता पाय दुखतात, आवाज बसतो. वर्गात तिच्यासारखं एखादं लेकरू आलं की मी त्याच्यावर कधी चिडत नाही. मास्तर लोक म्हणतात, बाईंचा जीव मोठा. त्यांना काय सांगणार?

आमचं गाव कामठ्याच्या अंगाचं, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातलं. घरची धानाची शेती. मी मोठी, ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान, मध्ये एक भाऊ, तिच्या पाठचा एक. मला ती 'बाई' म्हणायची.

ती कशी होती ते आधी सांगते. तिला पाणी आणायला पाठवलं, की तासाभरानं ती विहिरीजवळ उकिडवी बसलेली सापडायची. मुंगळ्यांची रांग कुठे जाते ते पाहत. घागर रिकामी, तिथेच आडवी पडलेली. भाताकडे लक्ष ठेव म्हटलं तर नाकासमोर भात करपायचा. तीन कामं एकदम सांगितली तर पहिलं अर्धं व्हायचं. एक वेणी घालून ती दुसरी विसरायची आणि तशीच गावभर फिरायची. वर्गात गुरुजींचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडायची, मार खायची, आणि दुसऱ्या घटकेला पुन्हा ओरडायची. रडू आलं तर थांबायचं नाही, हसू आलं तर प्रार्थनेतही फुटायचं.

आणि याच पोरीला तीसपर्यंतचे पाढे पाठ. गुरुजींनी एकदा सांगितलेली गोष्ट ती संध्याकाळी आम्हाला जशीच्या तशी सांगे, त्यांच्या खोकल्यासकट. तेच तिला नडलं. ती ठोंबी असती तर घरच्यांनी सोडून दिलं असतं. पण बाबूजी म्हणायचे, "एवढा पाढा ध्यानात राहते, तं घागर कशी नाही राहत? पोट्टी मुद्दाम करून राहिली." त्यांना ते हिशेबासारखं सरळ वाटे. मग मार. मारल्यावर ती दोन दिवस घाबरून आणखी चुकायची.

मायनं जंगलाकडच्या गावातल्या एका जाणत्याकडून ताईत आणला. काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधला. जाणत्यानं कोंबडी घेतली, नारळ घेतला. पोरीचं ध्यान बांधून देतो म्हणाला.

त्याच सालच्या रोवणीत मला एक गोष्ट दिसली. आमच्याकडे रोवणीच्या वेळी गडी पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या चिखलात थोड्या थोड्या अंतरावर आधीच फेकून ठेवतात. बाया वाकून मागे मागे सरत रोपं लावतात. हातातली पेंढी संपली की पायाशी दुसरी असतेच. त्या दिवशी बाया कमी आल्या, म्हणून मायनं हिलाही चिखलाच्या बांधीत उतरवलं. कोणाची तिच्याकडून अपेक्षा नव्हती. पण ती लावत राहिली. एक पेंढी संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. मुंगळे नाहीत, पाखरं नाहीत, काही नाही. दुपारपर्यंत तिची पात माझ्या बरोबरीनं आली. माय म्हणाली, "पाह्य वं, ताईत लागला."

मला मात्र दुसरंच दिसलं होतं. पुढचं काम तिला आठवावं लागत नव्हतं. ते तिच्या पायाशी पडलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी ओळ लावायला लागले. आतल्या खोलीच्या दारापासून सपरीच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या, उंबरठ्यापर्यंत. आधी दातून. मग पाण्याचा लोटा. मग परकर-पोलकं. मग फणी आणि दोन रिबिनी, पण त्या दोन ठिकाणी. एकत्र ठेवल्या की एकच वेणी व्हायची. मग शिळ्या भाताचा वाडगा. मग पाटी. शेवटी उंबरठ्यावर पिशवी, पाय अडेल अशी. ती एकेक गोष्ट उचलत पुढे सरके, जणू दाणे टिपत कोंबडी येते. आठवड्याभरात ती सगळ्यांच्या आधी शाळेत पोचायला लागली.

एखादी गोष्ट ओळीबाहेर राहिली तर मात्र ती जगातच नसल्यासारखं व्हायचं. एकदा फणी कोनाड्यात राहिली, तर ती विस्कटलेल्या केसांनी गेली आणि मला म्हणाली, "आज फणी नव्हती ना बाई." रोज वापरायची फणी. त्या दिवशी मला कळलं की ही खोटं बोलत नाही, आळशी नाही, उद्धट तर नाहीच. पुढचं पाऊल मनात धरून ठेवायला जे काही लागतं ते तिच्या हातातून सुटून जातं, एवढंच. बाकी सगळं शाबूत आहे. मी तेव्हा बारा वर्षांची होते. घरातल्या एकाही मोठ्या माणसाला जे कळलं नाही ते मला कळलं होतं. न कळल्यामुळे झालेली चूक मी स्वतःला केव्हाच माफ केली असती. माझी तशी नाही.

तीन वर्षं मी ओळ लावली. सगळ्यांच्या आधी उठून, तापातही. कोणाच्या लक्षात आलं नाही. घरात पोरी सामान इकडचं तिकडे ठेवतातच, त्यात पाहायचं काय? नाव ताईताचं झालं. दर साली त्या जाणत्याला कोंबडी जायची. शेजारणी माझ्या बहिणीच्या गळ्याला हात लावून ताईत पाहायच्या. एकदा मी मायला म्हटलं, "ताईत नाही, मी करून राहिली तिचं सारं." माय कोंडा पाखडत होती. म्हणाली, "लहान बहिनीचं केलं तं काय उपकार केले का?"

मला स्वतःला चौथीनंतर घरी बसवलं होतं. धाकटा भाऊ रांगता होता, माय शेतावर जायची, घराला हात पाहिजे होते. त्याचं मला तेव्हा वाईटही वाटलं नाही. सगळ्याच पोरींचं तसं व्हायचं. वाईट वाटलं ते नंतर. एका संध्याकाळी गुरुजी घरी आले आणि बाबूजींना म्हणाले, "तुमच्या धाकटीला पुढं शिकवा. असं डोकं माझ्या वर्गात दुसरं नाही." आणि बाबूजी चक्क हो म्हणाले. चौथी पास झाली की फुलचूरला आत्याकडे राहायचं आणि गोंदियाच्या मुलींच्या शाळेत जायचं, असं ठरलं. ती अंगणभर नाचली. मला मिठी मारून म्हणाली, "बाई, तू बी चाल ना माह्यासंगं." बाबूजी हसले. "तिची सोयरीक पाहून राहिलो ना. ते कायले येते?"

त्या उन्हाळ्यात मी पंधरा-सोळाची होते. मी मनाशी म्हणत असे, आत्याच्या घरी हिची ओळ कोण लावणार? तिथे उघडी पडण्यापेक्षा इथेच पडलेली बरी. हे कारण मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं, म्हणून जास्त वाईट. खरं कारण एवढंच की मी थकले होते आणि तिच्यावर जळत होते.

परीक्षेचं केंद्र दुसऱ्या गावी. गुरुजी पोरांना बैलगाडीतून नेणार होते, दिवस उगवताना शाळेपासून. बाबूजी माझ्याच सोयरिकीसाठी बाहेरगावी गेले होते. मोहाचे दिवस, माय भावांना घेऊन अंधारातच बांधावरची फुलं वेचायला गेली. जाताना मला म्हणाली, "पोरीले धाड बरं येळेवर."

मी ओळ लावली नाही.

मी चुलीपाशी बसून राहिले. ती उठून आली, सपरीवर उभी राहिली आणि खाली पाहिलं. मोकळी जमीन. ती तशीच उभी राहिली. मग मला विचारलं, "बाई, आज आधी काय?"

मी म्हटलं, "आता का लहान हायेस? तुझं तुले समजत नाही?"

ती आत गेली, बाहेर आली. लोटा घेतला, तोंड धुतलं, लोटा हातात घेऊनच अंगणात फिरली. एक वेणी घातली. मग तिला वाटलं असावं की धडा पाहून घ्यावा. ती भिंतीला टेकून बसली आणि भूगोल म्हणायला लागली. नद्या, डोंगर, कुठे काय पिकतं, एकही अक्षर न चुकता. मी ऐकत होते. इतकं सुंदर ती म्हणत होती, आणि बाहेर उजाडत होतं.

गुरुजींनी एका पोराला पाठवलं. मी दारातूनच सांगितलं, "येऊन राहिली." थोड्या वेळानं तो परत आला. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा कोणी आलं नाही. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला तेव्हा ती धडपडून उठली. पिशवी न घेता, अर्धे केस मोकळे, तशीच धावली. नाल्यापर्यंत गाडीमागे धावली. परत आली तेव्हा पाय धुळीनं भरले होते. ती रडली नाही. रडू आवरत नसे तिला, आणि त्या दिवशी ती रडली नाही. म्हणाली, "माह्याच्यानं झालं नाही, बाई."

तेव्हा मला बोलता आलं असतं. मी तिला भात वाढला.

मायला मी सांगितलं की मी हाका मारून मारून थकले. बाबूजी दोन दिवसांनी आले. मारलंसुद्धा नाही त्यांनी. म्हणाले, "जिले गाडीची येळ समजत नाही, ते शहरात काय करनार? राहू द्या घरी." गुरुजी एकदा येऊन गेले, पुढच्या साली बसवू म्हणाले. पुढच्या साली माझं लग्न होऊन मी गोंदियाला गेले होते, घरची कामं तिच्यावर आली होती. ताईताचा गुण उतरला, असं मायनं सगळ्यांना सांगितलं. मी सासरी राहून सातवी केली, तेव्हा तेवढ्यावर नोकरी मिळे, मास्तरीण झाले. ज्या शहरात ती यायची होती त्या शहरात.

तिचंही लग्न झालं. नवरा शांत माणूस, जंगलाकडच्या अंगाला शेती. मुलं झाली, घर चाललं, कधी करपलेलं, कधी बरं. आणि तिनं त्या दिवसाचा एक किस्सा करून टाकला. कोणी म्हटलं, तुम्ही हुशार दिसता, तर ती म्हणायची, "हुशार कायची! परीक्षेच्या दिवशी एक येनी घालून गाडीमागं पळाली मी. बैल बी हासले असतील." ती धावण्याची नक्कल करायची. बाया पोट धरून हसायच्या. मी समोर असले तर मीही हसायचे.

मागच्या हिवाळ्यात तिच्याकडे गेले होते. शेजारणी बसल्या होत्या, तिनं पुन्हा तो किस्सा सांगितला आणि शेवटी म्हणाली, "माह्या डोक्यात भुसाच हाये." मला हसता आलं नाही. बाया गेल्यावर मी बोलायला सुरुवात केली. ओळीपासून, रोवणीपासून. ती ऐकत होती, आणि मधेच उठून गेली. अंगणात वाळत घातलेल्या धानात बकरी शिरली होती. बकरी हाकलून, दोर शोधून, बांधून, वाटेत कोणाशी तरी बोलून ती परत आली. "हं, काय म्हणून राहिली होती तू?"

मग मी एकच वाक्य सांगितलं. "परीक्षेच्या दिवशी तुझं सामान मी मुद्दाम लावलं नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. कुठेही गेली नाही. म्हणाली, "मुद्दाम?"

"हो."

"आनं मी जनमभर लोकाईले सांगून हासवलं. तू बी हासली."

तिनं पदराला लागलेला भुसा झटकला.

"आता कायले सांगितलं वं?"

"माझ्याच्यानं धरवत नव्हतं."

"मंग आता मी धरू?"

ती उठली. मुलांना हाक मारली, पानं घेतली, मलाही वाढलं. भात नीट शिजला होता.

सकाळी माझी बस होती. दर वेळी ती फाट्यापर्यंत पोचवायला येते, बोलत बोलत, मधेच रस्ता सोडून बोरं तोडत. त्या सकाळी तिचा नवरा एकटाच माझी पिशवी घेऊन आला. फाट्यावर उभा राहून थोडा ओशाळून म्हणाला, "विसरली असन जी ते. तुमाले तं माहीतच हाये तिचं."

मी मान हलवली. ती विसरली नव्हती.