टोपलीतलं शिसं

रविवारी सकाळी सातच्या प्रार्थनेला एर्मान्स व्होकेलँ पहिल्या रांगेतली खुर्ची घ्यायची. चर्चमधल्या खुर्च्यांचं भाडं गोळा करणारी मादाम क्रेसाँ तिच्यापुढे हात करताना दर वेळी तेच म्हणायची, "मागे जागा आहे हो, खांबाआड."

"तिथून वेदी दिसत नाही."

"नाचणाऱ्या बायांना वेदी कशाला लागते एवढी?"

"तुम्हाला भाड्याच्या नादात बघायला होत नाही ना, म्हणून तुमच्याही वाटणीचं बघून घेते."

एवढं बोलून ती गुडघे टेकायची. पाठ अशी ताठ, की मागच्या बायका कुजबुजायच्या, हिने झग्याच्या आत लोखंड घातलंय की काय! तसं त्यांचं काही फार चुकत नव्हतं. आठवड्यातून तीन संध्याकाळी एर्मान्स पांढऱ्या जाळीच्या झग्याखाली चामड्याची आणि लोखंडी पट्ट्यांची बंडी घालायची. बंडीला पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध एक आकडा असायचा. आकड्यात तार अडकली की एर्मान्स रंगमंचावरून वर जायची. आत्मा, परी, वाऱ्याची मुलगी, त्या हंगामात जे काही असेल ते होऊन.

आठ वर्षांची असताना तिची आई, बातिन्योलची धोबीण, ओल्या हाताने तिला धरून पॅरिसच्या या नाट्यगृहात घेऊन आली होती. विसाव्या वर्षी एर्मान्सला कळलं, की आपण समूहातच राहणार, एकटीने नाचायची वेळ काही येणार नाही. एक दुपारभर रडली. मग नाक पुसलं, आणि "तारेवर वर जायला कोण तयार आहे?" असं विचारल्यावर तिने सगळ्यांत आधी हात वर केला. बाकीच्या पोरींचे पाय जमिनीला चिकटले होते. ही म्हणाली, "देव वरच आहे ना? मग भ्यायचं कशाला?"

तेव्हापासून एकोणीस वर्षं.

या एकोणीस वर्षांत ती एकदाही पडली नाही, त्याचं श्रेय ती दोघांना द्यायची. एक देवमाता, आणि दुसरा गास्पार. गास्पार म्हणजे दोरखंडांवरचा म्हातारा. प्रत्येक मुलीच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी असायची. पिशवी खाली आली की मुलगी वर जायची. प्रत्येकीची पिशवी वेगळी, तिच्यावर खडूने तिचं नाव. खेळाच्या आधी गास्पार एकेकीला कमरेला धरून जमिनीवरून वीतभर उचलायचा. "श्वास सोड. आज काय जेवलीस?" असं विचारायचा आणि उत्तरावरून शिशाच्या चकत्या पिशवीत टाकायचा नाहीतर काढायचा. पोरी लाजायच्या, खिदळायच्या. "गास्पार, मी दोन उकडलेली अंडी खाल्ली, खोटं नाही बोलत." "अंडी दोन, आणि पाव? पाव कोणी खाल्ला, तुझ्या देवदूताने?"

त्या हिवाळ्यात गास्पार छातीच्या दुखण्याने गेला.

नेमकं त्याच हंगामात नवं बॅले ठरलं होतं. सरोवरात बुडून मेलेल्या मुली पहाटे पाण्यावरून वर येतात आणि एका लाकूडतोड्याला भुलवून नेतात, अशी कथा. कथा लिहिणारा कवी, संगीत देणारा, पडदे रंगवणारा, सगळ्यांची नावं जाहिरातीत ठळक. सगळ्यांत ठळक मिलानहून आलेल्या ओर्सोलानीबाईंचं. ओर्सोलानीबाई तारेवर जात नसत. त्या बोटांच्या टोकांवर अशा काही तरंगत, की त्यांना तारेची गरजच नव्हती, आणि एर्मान्सला त्याबद्दल त्यांचा मत्सर कधी वाटला नाही. "ती पायाने उडते, मी पाठीने," ती म्हणायची. वर जाणाऱ्या आठ मुलींची नावं मात्र जाहिरातीत कुठेच नव्हती.

नृत्य बसवणारे रूव्हेलमास्तर सत्तरीचे. त्यांना आठही मुली अगदी एकसारख्या हव्या होत्या. तालमीच्या खोलीच्या दारावर त्यांनी एक निळी फीत ठोकली होती. जिचं डोकं फितीला लागेल ती आत, बाकीच्या बाहेर. आठ मुली निवडल्या, आठही जणू एका साच्यातून काढलेल्या.

आणि इथेच घोटाळा झाला. गास्पारच्या जागी देखरेखीला आलेले देलोर्बसाहेब टापटिपीचे भारी भोक्ते. त्यांनी जुन्या पिशव्या फेकून दिल्या आणि आठ नव्या, एकाच वजनाच्या करवून घेतल्या. नावं पुसून एक ते आठ आकडे रंगवले. मास्तरांनी एकसारख्या मुली निवडल्यात, तर पिशव्याही एकसारख्याच हव्यात, असा त्यांचा सरळ हिशेब.

गुरुवारच्या तालमीत सिदोनी नावाची मुलगी वर गेली ती बाटलीच्या बुचासारखी. तिची आई दोन महिने आजारी होती. सिदोनी घरचं सगळं आईला खाऊ घालून स्वतः कांद्याच्या पाण्यावर दिवस काढत होती, हे सगळ्या पोरींना माहीत होतं. वरच्या आडव्या तुळईला तिचं डोकं घासलं, कंगवा मोडून खाली पडला. बोटभर इकडेतिकडे झालं असतं तर कंगव्याऐवजी कपाळ गेलं असतं.

तिला खाली घेतलं. देलोर्बसाहेब म्हणाले, "निघताना उडी मारलीस ना? उडी मारायची नाही."

"मी नाही मारली, साहेब."

"मग शनिवारी नीट जा."

एर्मान्स पुढे झाली. "साहेब, हिची पिशवी जड आहे. हलकी करा."

"का? तुम्ही सगळ्या एकसारख्याच आहात. त्यासाठीच तर निवडलंय तुम्हाला."

"दिसायला, साहेब. वाळूला डोळे नसतात."

पोरी हसल्या. साहेबांचे कान लाल झाले. ते तिच्या अगदी जवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुमचं निवृत्तिवेतन लागू व्हायला किती राहिले, आठ महिने ना? आठ महिने तोंड मिटून काढता येतात, बाई."

हा घाव नेमका बसला. वयाच्या विसाव्या वर्षापासूनची नोकरी धरायची, तिची वीस वर्षं भरली तरच वेतन. एक दिवस कमी भरला तरी हाती शून्य. एर्मान्सला ना नवरा, ना भाऊ. पाचव्या मजल्यावरची एक खोली, खिळ्यावर क्रूस, आणि गुडघे तर असे, की जिना चढताना वाजायचे.

शनिवारी सकाळी ती चर्चमध्ये गेली. देवमातेपुढे मेणबत्ती लावली. वेतन नको असं काही ती म्हणाली नाही. देवाशी खोटं कशाला बोलायचं? ती म्हणाली, "आई, मला ते पैसे हवेत. खूप हवेत. पण त्या पोरीचं डोकं फुटलं तर ते पैसे घेऊन मी तुझ्यासमोर कोणत्या तोंडाने बसू? तेही पहिल्या रांगेत?"

मादाम क्रेसाँ मागून म्हणाली, "आज शनिवार. आज कशाला आलात?"

"उद्या कदाचित खांबाआड बसावं लागेल. आज बघून घेते."

दुपारी शेवटची तालीम होती. निमंत्रित मंडळी बसलेली, वाद्यवृंद पूर्ण, गॅसचे दिवे निळ्या काचेआड मंद केलेले. दुसरा अंक सुरू झाला. आठ मुली पाण्याच्या पडद्यामागे उभ्या. माणसं तारा घेऊन आली. एर्मान्सने आपली पाठ भिंतीला टेकवली आणि ती सरळ खाली बसली. पांढरा झगा तिच्याभोवती पसरला.

"उठा!" देलोर्बसाहेब दात ओठ खात कुजबुजले.

"सिदोनीची पिशवी हलकी करा. मग उठते."

वर जाण्याचं संगीत आलं, आणि कुणी वर गेलंच नाही. वाद्यवृंदाने ते परत वाजवलं. सिदोनी बसली. मग तीन लेकरांची आई असलेली क्लोतिल्ड बसली, बसताना पुटपुटली, "एर्मान्स, माझ्या पोरांना तू पोसणार आहेस बरं का." मग बाकीच्याही बसल्या. तिसऱ्यांदा संगीत वाजलं तेव्हा प्रेक्षकांत खसखस पिकली.

रूव्हेलमास्तर काठी आपटत आत आले. "दोन वर्षं! दोन वर्षं घालवली मी या अंकावर! आणि तू, एर्मान्स? तू आठ वर्षांची असल्यापासून मी तुला ओळखतो!"

"मग मला उचला, मास्तर."

"काय?"

"जन्मभर तुम्ही बायकांना उचलत आलात. आमचं वजन तुमच्या हातांना कळतं. मला उचला, मग सिदोनीला उचला. दोघी सारख्या लागलो तर मी आत्ताच्या आत्ता वर जाते, आणि उद्यापासून येत नाही."

देलोर्बसाहेब म्हणाले, "मास्तर, काय हा पोरखेळ!" पण मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली होती. असं आव्हान त्यांना कित्येक वर्षांत कुणी दिलं नव्हतं. त्यांनी एर्मान्सला कमरेला धरलं, हुंकारले, वीतभर उचललं आणि धाप टाकत खाली ठेवलं.

"एकोणचाळिशीचं वजन आहे हे," ती म्हणाली. "आता तिला."

सिदोनीला उचलताना त्यांनी तेवढाच जोर लावला, आणि ती पोर त्यांच्या डोक्याच्या वर गेली. मग मास्तरांनी तिला हळूच, काचेची वस्तू ठेवावी तसं खाली ठेवलं.

"पोरी, तू जेवत नाहीस का?"

सिदोनी रडायला लागली. मास्तर साहेबांकडे न बघता म्हणाले, "सगळ्या पिशव्या उघडा. मंडळींना सांगा, पाणी अजून गोठलेलं आहे, वितळेपर्यंत थांबा."

अर्ध्या तासाने आठही मुली वर गेल्या, एका श्वासात वर जाव्यात तशा. समोरची मंडळी उभी राहिली, असं म्हणतात. एर्मान्सला काही दिसलं नाही. वरून फक्त टकलं दिसतात.

सोमवारी साहेबांचा हुकूम आला. मास्तर मध्ये पडल्यामुळे नोकरी गेली नाही, पण तारेवरून नाव काढलं. उरलेले आठ महिने पहिल्या अंकात, गावकरणींच्या मागच्या रांगेत, हातात टोपली घेऊन उभं राहायचं. पिशव्या पुन्हा एकाच वजनाच्या करून त्यांवरचे आकडे नव्याने रंगवले.

क्लोतिल्डला वाटलं ही आता खचणार. एर्मान्सने टोपली हातात घेऊन पाहिली, उलटी केली, तळ दाबून बघितला. "मजबूत आहे," म्हणाली.

पुढच्या खेळाला पहिला अंक संपल्यावर ती गावकरणीच्या घागऱ्यातच दोरखंडांपाशी गेली. टोपलीवरची कागदी फुलं बाजूला केली. खाली गास्पारच्या शिशाच्या चकत्या होत्या, त्याच्या विधवेकडून मागून आणलेल्या. एकेकीला "आज काय जेवलीस?" विचारत पिशव्यांतलं वजन कमीजास्त केलं. मग खिशातून खडू काढला. आकड्यांवरच मोठ्या अक्षरांत आठ नावं लिहिली. आठवं नाव तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीचं.

देलोर्बसाहेबांनी तिला गाठलंच. "तुमचं इथे काय काम?"

"मी गावकरीण, साहेब. टोपली घेऊन उभी आहे. तुमचाच हुकूम."

"आणि ही नावं?"

"पुसा ना. मी रोज येतेच आहे."

साहेब दोन आठवडे पुसत राहिले. मग दमले. त्यांना जेवायलाही जायचं असायचं. एर्मान्स मात्र दमली नाही. तिची वीस वर्षं भरली, वेतन सुरू झालं, तरी खेळाच्या दिवशी ती टोपली घेऊन यायची, आणि तिला अडवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

रविवारी ती पहिल्या रांगेतच बसायची. खडू लागलेली बोटं जोडून.

"हात तरी धुऊन यावं देवाच्या दारी," मादाम क्रेसाँ एकदा म्हणाली.

"धुतले होते. मग नवी पोर आली एक." एर्मान्सने गुडघे टेकले. "तिचं नाव लिहायचं होतं."