काचेखालचे छर्रे

कोळशाची धग, ओल्या सुताचा कुबट दर्प आणि वर भुरभुरलेला ऊद यांचा मिळून एक वास श्रावणातल्या लोणावळ्यात घराघरांतून दरवळत असतो. शेगडीवर बांबूची मोठी टोपली उपडी घालायची आणि तिच्यावर कपडे वाळवायचे, ही इथली रीत. साठच्या दशकातल्या त्या पावसाळ्यात आमच्या टोपलीवर कपड्यांच्या शेजारी एक खेळणं वाळत होतं.

तळहातावर मावेल अशी पत्र्याची डबी. वर काच, आत पुठ्ठ्यावर रंगवलेला मोर आणि त्याच्या पिसाऱ्यात बारीक खळगे. डबी कलती करत पोलादी छर्रे त्या खळग्यांत बसवायचे. उन्हाळ्यात अर्धांगवायूने माझ्या पत्नीचा, सुमतीचा, डावा हात लुळा पडला. हाताला काही चाळा हवा, असं डॉक्टर म्हणाले म्हणून मी ती आणली होती. सुरुवातीला एखाददुसरा छर्रा बसे. पुढे एकही बसेना. तिने उमेदच सोडली, असं मी धरून चाललो. "जरा लक्ष दे की," मी रोज म्हणे आणि रोज माझा स्वर थोडा चढे.

एका संध्याकाळी तिने डबी माझ्यापुढे सरकवली.

"तुमचे दोन्ही हात धड आहेत ना? बसवा बरं एक."

मला एकही बसवता आला नाही. इतके दिवस मी दोष तिच्या हातात शोधत होतो. स्वतः छर्रा बसवून पाहायला डबी मात्र एकदाही हातात घेतली नव्हती.

शरमेनेच मी सुरीच्या टोकाने कड उचलून काच काढली. छर्ऱ्यांवर गंज होता. रॉकेलच्या बोळ्याने पुसला. तरी ते कडेलाच पळत. मग डबी डोळ्यांच्या रेषेत धरली, तेव्हा दिसलं : दमट हवेने पुठ्ठा मधोमध फुगून मोराची टेकडी झाली होती. पुठ्ठा सोडवून मी टोपलीवर ठेवला. घरकामाला येणारी धोंडाबाई दारातच थबकली.

"भाऊ, मोर भाजताय व्हय? पापड न्हाई त्यो!"

सुमती हसली, कित्येक दिवसांनी.

रात्रभर पाट्याखाली दाबलेला पुठ्ठा सकाळी सपाट झाला. तो डबीत बसवून मी काच पुन्हा लावली. धुक्यातून गाळून आलेल्या दुधी उजेडात सुमतीने डबी लुळ्या तळव्यावर टेकवली आणि उजव्या हाताने ती हलकेच कलती करू लागली. पहिला छर्रा बसला. दुसरा खळग्याच्या काठाशी रेंगाळत असताना मला डबीखाली काहीतरी हललेलं दिसलं. उन्हाळ्यापासून कळीसारखी मिटलेली तिची डावी करंगळी किंचित उलगडली, पत्र्याच्या कडेला टेकली, सुटली आणि पुन्हा टेकली. तिला त्याचा पत्ताही नव्हता. तिचा सारा जीव त्या छर्ऱ्यात होता. डबीची काच मी काढू शकलो होतो. पण तिच्या मनापासून त्या करंगळीपर्यंतची बंद वाट आत कुठे, कशी मोकळी होत होती, ते पाहायला मी कोणती कड उचलणार होतो? हाक ओठांपर्यंत आली होती.

"सरका ना," ती मान वर न करता म्हणाली, "काचेवर सावली पडते तुमची."

मी श्वास रोखून बाजूला झालो.