बदलीमावशी आणि सैल खिट्टीचा पलंग

आमच्या इमारतीत तिला सगळे बदलीमावशी म्हणत. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात तिने अख्खी नोकरी काढली, आणि तिथे तिची बदली एकदाही झाली नाही. हे नाव पडलं ते निवृत्तीनंतर. जिन्याखालची सायकलींची खोली तिने घरमालकाकडून मागून घेतली आणि तिथे वस्तूंची अदलाबदल सुरू केली. कुणाला लहान झालेले बूट, कुणाची जास्तीची कढई, कधीमधी लागणारी शिडी. न्यायचं, वापरायचं, परत आणायचं, नाहीतर पुढे द्यायचं. कचऱ्याच्या डब्यांपाशी कुणी धड वस्तू ठेवली की ती हातातलं काम टाकून खाली धावे. जराशा विरलेल्या चादरींचे गठ्ठे जाळायला जाताना पाहून नोकरीत तिचा जीव तुटायचा. सून आल्यागेल्याला सांगायची, "आईंसमोर फार वेळ स्वस्थ बसू नका, तुम्हालाही कुणाला तरी देऊन टाकतील."

एका दुपारी मास्तर आले. पहिल्या मजल्यावरचं घर सोडून ते नुकतेच दुसरीकडे राहायला गेले होते, पण त्यांचं टपाल अजून इथेच यायचं. बोलता बोलता मावशीने कौतुकाने सांगितलं की तुमच्या नातवाचा कठड्याचा पलंग डब्यांपाशी होता, तो मी घासूनपुसून रंगवला आणि समोरच्या शिंप्याला दिला.

मास्तरांचा चेहरा उतरला. "तो कुणी वापरायचा नव्हता हो, मावशी. पुढच्या कठड्याची खिट्टी सुटते. पोर धरून उभं राहिलं की कठडा धाडकन खाली. आमच्या नातवाच्या कपाळाला टाके पडले."

कठडा तिने वर-खाली करून पाहिला होता, चांगला बसत होता. त्यावर भार टाकून पाहावा, हे तिला सुचलंच नव्हतं. ती तशीच रस्ता ओलांडून दुकानात शिरली. शिंप्याची मुलगी अजून कुशीवरही वळत नव्हती, एवढाच काय तो दिलासा.

तोही टिकला नाही. घरात शिलाईमशीन मावेना, तिथे पलंग कुठला मावणार, असं म्हणत शिंप्याने तो बायकोच्या भाचीला देऊन टाकला होता. "तुम्हीच सांगता ना, पडून राहण्यापेक्षा पुढे द्या म्हणून," तो म्हणाला.

"तिचं पोर केवढं आहे?"

"चांगलं धरून उभं राहतंय आता."

त्याने फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. भाचीचा नवरा बेकरीत भट्टीवर, त्याला कामात फोन जवळ बाळगायची मुभा नव्हती. शिंप्याने अर्धवट शिवलेला सदरा मशीनवर तसाच सोडला, शटर खाली ओढलं आणि दोघं निघाली. मावशीचे गुडघे कधीचे कामातून गेले होते, तरी त्या दिवशी शिंपी मागे पडत होता. वाटेत तो फोन लावतच होता. तिने त्याला एकदाही विचारलं नाही की उचलला का.

भाचीने दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवून. बाळ झोपलं होतं, म्हणून तिने फोनचा आवाज बंद केला होता. मावशी पायातल्या चपलांसकट आत शिरली.

बाळ झोपलेलं नव्हतं. दोन्ही मुठींनी कठडा धरून ते उभं होतं आणि नवी माणसं पाहून खुशीत उड्या मारायला लागलं होतं. ओरडलं तर ते दचकेल, म्हणून मावशी हळूहळू, तोंडाने काहीतरी गोड बडबडत पुढे गेली आणि त्याच्या काखेत हात घालून तिने त्याला उचललं. कठडा जागचा हलला नाही.

पलंग परत हवाय, असं शिंप्याने सांगताच भाची तापली. "दिलेली वस्तू परत न्यायला आलात? मग देता कशाला?"

मावशीने बाळ तिच्या हातात दिलं आणि कठड्यावर दोन्ही हातांनी रेटा दिला. काही झालं नाही. पुन्हा दिला. शिंपी तिच्याकडे नि पलंगाकडे आळीपाळीने बघू लागला. भाचीच्या तोंडावर सरळ लिहिलेलं होतं, म्हातारीला भ्रम झालाय.

मग मावशीने कठडा धरला आणि उड्या मारताना बाळ देत होतं तसे हिसके दिले. तिसऱ्या हिसक्याला खिट्टी सुटली. कठडा असा आदळला की बाळाने भोकाड पसरलं.

भाचीने बाळाला छातीशी घट्ट धरलं. म्हणाली, "पलंग आल्यापासून यातच झोपवतेय मी त्याला."

"रंग दिला, पण नीट पाहिलं नाही. चूक माझी आहे," मावशी म्हणाली, आणि तिने हातोडी मागितली.

शिंपी म्हणाला, लाकूड चांगलं आहे, सुतार नवी खिट्टी लावून देईल. मावशीने नकारार्थी मान हलवली. "दुरुस्त झालाय असं कुणीतरी म्हणेल, आणि कुणीतरी त्यावर विश्वास ठेवेल."

कुणाची फुटकी बशीसुद्धा टाकू न देणारी ती बाई तिथेच, भाचीच्या घरी फरशीवर बसली आणि तिने तो पलंग फोडला. फळी न् फळी वेगळी केली, खिळे वाकवले. शिंप्याने हातोडी मागितली, तिने दिली नाही.

नंतर बरेच दिवस जिन्याखालच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली परत करायची असं तिने सुनेला सांगून टाकलं होतं. पण शिडी मागायला लोक येत राहिले, भाचीसुद्धा लोकरीची टोपी मागायला आली, आणि एका सकाळी मावशीने कुलूप काढलं.

आता वस्तू डब्यांपाशी ठेवून कुणी निघून गेलं तर ती उचलत नाही. ज्याची त्याने हातात आणून द्यायची आणि ती का नकोशी झाली हे तोंडाने सांगायचं. काहींना याचा राग येतो. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मिक्सर घेऊन आल्या होत्या. तो का नकोसा झाला, असं मावशीने विचारलं, तशा त्या तो तसाच उचलून वर निघाल्या. मावशीने त्यांना थांबवलं नाही.