बाबांना मशीन दाखवायला नेलं

घरात ठेवण्याजोगं सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारं यंत्र, निवडायला मी वर्ष घालवलं. लाकूड ठेवायचा बेड केवढा, कोरणारं स्पिंडल किती ताकदीचं, पट्ट्यावर चालणारं की स्क्रूवर. ऑफिसात मला लोक टाळू लागले होते. बायको म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा चहा गार व्हायच्या आत होकार दिलात. तेव्हा जरा अभ्यास करायचात."

खरं तर हा छंद माझा नव्हताच. मला खिळा सरळ ठोकता येत नाही. बाबा फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये होते. ओतकामासाठी आधी लाकडात हुबेहूब भाग घडवायचा, तो त्यांचा हात. शॉप बंद झालं, ते घरी बसले आणि पुन्हा लाकडाला शिवले नाहीत. आता हात थरथरतो. मला वाटलं, रेघ यंत्र मारेल, डोकं बाबांचं चालेल. निदान माणूस खुर्चीतून उठेल.

म्हणून रिक्षा करून त्यांना स्वारगेटजवळच्या दुकानात नेलं. विक्रेत्याने सागाच्या फळीवर कमळ कोरून दाखवलं. बाबांनी पाकळीवरून अंगठा फिरवला.

"फिनिशिंग चांगलं आहे."

"आजोबा, यातलं कळतं वाटतं तुम्हाला?"

"थोडंफार. आमच्या शॉपमध्ये असलं मशीन आलं, तेव्हा कुठे किती लाकूड जास्तीचं ठेवायचं ते मीच शिकवलं साहेबांना. लोखंड गार होताना आकसतं ना. त्यांनी सगळं संगणकात भरलं आणि आम्हाला हार घालून घरी पाठवलं."

आम्हाला घरी त्यांनी 'मंदी आली' एवढंच सांगितलं होतं. विक्रेता हसला, त्याला तो विनोद वाटला. मी "कळवतो" म्हणून बाहेर पडलो. रिक्षा करून बिबवेवाडीला घरी आलो.

दारात बायकोने विचारलं, "ठरलं का एकदाचं?"

"घेऊ दे त्याला," बाबा चपला काढत म्हणाले. "मशीन उत्तम आहे. माझ्या खोलीत ठेवा. मला बाल्कनी पुरते."

"बाबा, ते तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी कशाला? त्या मशीनला माणूस लागत नाही."

टोमणा असता तर मी वाद घातला असता. पण ते खरंच पलंग उभा करून ठेवला तर किती जागा होईल, ते बायकोला समजावून सांगू लागले.