भावजींचे बारा डबे

माणसांपेक्षा उंदरांचा स्वभाव ज्याला अधिक कळतो असा मनुष्य भूतलावर एकच, आणि तो नेमका माझ्या नशिबी धाकटा दीर म्हणून आला! लग्न होऊन मी चिंचवडला आले, तेव्हा सासूबाईंनी देवघर दाखवायच्या आधी भावजींनी मला मागच्या पडवीतले बारा डबे दाखवले. रॉकेलचे चौकोनी डबे, वर जाळी आणि आत पांढरेशुभ्र उंदीर. मी किंचाळले. तर भावजी दबक्या आवाजात म्हणतात कसे, "वहिनी, जरा हळू. तिसऱ्या डब्यात बाळंतीण आहे."

हे उंदीर जायचे सापांच्या पोटात. मुंबईचे एक डॉक्टर सर्पदंशावरच्या औषधासाठी साप पाळत, त्यांना भावजी दर पंधरवड्याला उंदीर पोचवत. पण थाट काय विचारता! एका डब्यात एक नर आणि चार माद्या; दुसरा नर आत गेला की मारामारी. नुसते नर ठेवायचे तर एका वेतातले सख्खे भाऊ, तेही पहिल्यापासून एकत्र वाढलेले. प्रत्येक डब्यात दोन-तीन करवंट्या, का, तर "कुणाचं बिनसलं तर रुसून बसायला जागा हवी." आमच्या दोन खोल्यांत मला रुसायला कोपरा नव्हता, ते सोडा. पेंढा बदलताना जुन्यातला मूठभर नव्यात मिसळत. "त्यांना घर वासानं कळतं, वहिनी." एकदा मी फणकारले, "उद्या सापच गिळणार ना? मग एवढे लाड कशाला?" तर म्हणाले, "साप गिळतो, त्याला पोट आहे. आपण आधी का छळायचं?" कपाळ माझं!

एरवी भावजींना एकही नोकरी टिकली नव्हती. पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहत होते. दोन ठिकाणी चिकटले आणि यंत्रांचा धडधडाट सोसेना म्हणून परत आले. अशात डॉक्टरांचं पत्र आलं. शुक्रवारी दुपारी येतो, डबे पाहतो. पसंत पडलं तर मुंबईला प्राण्यांची देखभाल करायची कायमची नोकरी, राहायला खोली. आमच्या ह्यांनी बजावलं, "हे हुकलं तर उंदीर सोड आणि गावी जाऊन बस." भावजी दोन दिवस धड जेवले नाहीत.

आणि नेमकं नवरात्र तोंडावर आलेलं. घट बसायच्या आधी पायपुसण्यापर्यंत सगळं धुऊन काढायचं ही आमची रीत, त्यात मला धुण्याचं वेड. शुक्रवारी सकाळी भावजी बाजरी आणायला बाजारात गेले. मला वाटलं, साहेब येणार, डबे कसे लखलखीत दिसले पाहिजेत! पदर खोचला. शेपटी धरायला एव्हाना शिकले होते. सगळे उंदीर एका घंगाळात काढले, डबे सोड्यानं खळखळून धुतले, उन्हात वाळवले, कोरा पेंढा घातला आणि प्रत्येक डब्यात मोजून सारखे उंदीर सोडले. माझ्यावर मीच खूश!

थोड्याच वेळात पडवीतून कर्कश चिरचिराट ऐकू आला. जाऊन पाहते तो पेंढ्यावर रक्त. एकमेकांना लोळवत, कडकडून चावत होते मेले. मी जाळी उघडायला हात घातला तर बोटालाच चावले. तेवढ्यात भावजी दारात. "वहिनी, डबे धुतलेत?" एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टर यायला जेमतेम तास होता. भावजी उकिडवे बसले आणि एकेकाला उचलू लागले. "हा दुमडल्या कानाचा, चौथ्यातला. हा त्याचा भाऊ." मला सगळे सारखेच पांढरे! जखमी वेगळे ठेवायला भांडी हवी होती. घटासाठी चिंचेनं घासून ठेवलेली पातेली, तपेली, लोणच्याची बरणीसुद्धा मी आणून दिली. भावजी जखमांना हळद लावत होते, मी वर चाळण्या झाकत होते. तरी तीन उंदीर गेलेच.

डॉक्टर आले आणि बघतच राहिले. "हा काय प्रकार?"

"चूक माझी, साहेब," भावजी म्हणाले. "डब्यांवर खुणा केल्या नव्हत्या."

मला राहवेना. "खोटं बोलतायत ते! मी धुतले डबे. भावजींचा काही दोष नाही!"

डॉक्टरांनी तपेल्यातला एक पिवळा उंदीर पाहिला. "हे उद्या सापांनाच जायचे ना? मग हळद कशाला?"

"हा नाही जायचा, साहेब. जखमी उंदीर मी देत नाही."

डॉक्टरांनी चाळणी परत तपेल्यावर नीट झाकली. मी मनात देवीला साकडं घालून बसले होते. मग डॉक्टर म्हणाले, "सोमवारी या. सामान घेऊनच या. फक्त वहिनींना डब्यांजवळ येऊ देऊ नका."

सोमवारी निघताना भावजींनी बरोबर न्यायच्या प्रत्येक डब्यात जुना पेंढा मूठ-मूठ घातला. मी त्यांच्यासाठी नवी गोधडी धुऊन घडी करून ठेवली होती. ती त्यांनी बाजूला सारली. खाली बघत म्हणाले, "माझी रोजची द्या ना, वहिनी. तशीच. धुऊ नका." मी हसले. मग एकदम कळलं, आणि चूल फुंकायच्या निमित्तानं आत जाऊन रडले.

त्या वर्षी घट बसले तेव्हा घरात सगळं धुतलेलं होतं. भावजींच्या उशीची खोळ तेवढी मी धुतली नाही.