सुपं मागच्या सीटवर होती

तेरड्याची फुलं बघून मी गाडीतून उतरले आणि किल्ली आत ठेवून दार लावून घेतलं. नुसतं लावलं नाही… आतला खटका दाबून, मग बाहेरून ओढून ‘नीट लागलंय ना’ हेही तपासलं. नीट लागलं होतं.

ही बाई म्हणजे मीच, काही वर्षांपूर्वीची. महाडच्या एका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि पेन्शनर बायका भजनाला जातात तशी मी ड्रायव्हिंग क्लासला गेले. लायसन्स मिळाल्यावर नाक असं काही वर गेलं होतं की रस्ता दिसायचा हेच नवल. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आताही नाही. ज्या अर्जाची पोच नाही तो अर्ज आलाच नाही, असं मानणाऱ्यांतली मी. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

दिवस गौरी यायचा. माझ्या लेकीचं, सायलीचं सासर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या वाटेवर. आमच्याकडे नव्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे सुपं भरून गौरीला ओवाळणं, हे गौर पूर्वा नक्षत्रावर आली तरच होतं. सायलीच्या लग्नानंतर तशी गौर आलीच नव्हती. त्या वर्षी आली ती पहिलीच, आणि पुढची कधी येईल हे पंचांगालाच ठाऊक. सुपं द्यायची माहेरानं. आणि सायलीच्या सासरची रीत अशी की गौर उंबऱ्यात यायच्या आत माहेरची सुपं घरात हवीत… आणि गौर घरात यायला हवी दिवे लागायच्या आत.

सायलीच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, जिभेच्या तिखट. सुपं एसटीनं पाठवा, तुम्ही नका गाडी चालवू, असा त्यांचा निरोप होता. झालं. आता तर गाडीच चालवणार, असं मी ठरवलं.

तर पोलादपूरच्या अलीकडे, महामार्ग रुंद झाल्यावर जुन्या रस्त्याचा जो तुकडा बाजूला पडलाय ना, तिथं मी उभी. हातात तेरड्याच्या चार काड्या; आमच्याकडे गौर म्हणजे तेरड्याचीच जुडी. काचेतून मागच्या सीटवरची सुपं दिसतायत, माझ्या जुन्या इरकलीनं झाकलेली. किल्ली जागच्या जागी लोंबकळतेय. ऊन आणि पाऊस एकाच वेळी पडत होते. महामार्गावरून एमआयडीसीच्या शिफ्टच्या बसेस जात होत्या, पण झाडीआड मी त्यांना दिसत नव्हते. आणि हळूहळू त्यांचा आवाजही येईनासा झाला… कानात कापूस घातल्यासारखा.

पुढच्या काचेवर मुलानं विमा कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सचा नंबर चिकटवून ठेवला होता. तो मी वाचला आणि फोन लावला. चष्मा पर्समध्ये असताना कसा वाचला, हा प्रश्न आहेच. पण तो लहान प्रश्न आहे.

ना ते गाणं वाजलं, ना ‘हिंदी के लिए दो दबाइए’. एका बाईनं उचलला आणि म्हणाली, “बोल गो.”

मी सांगितलं, किल्ली आत राहिली.

“आणि सुपा?”

सुपांचं मी काही बोलले नव्हते. पण तेव्हा ते खटकलंच नाही. मागच्या सीटवर आहेत म्हटलं. झाकली आहेत का, तिनं विचारलं. झाकलीत म्हटलं. तिच्या मागे ओढ्याचं पाणी वाजत होतं, बांगड्या वाजत होत्या, पुष्कळ बायका जमल्यावर होते तशी कुजबुज.

“माणूस येतोय. तू बस. आणि तो तेरडा मुळासकट उपट. पाय नसले तर गौर चालत कशी यायची?”

मी हातातल्या तोडलेल्या काड्या बघितल्या आणि शाळेतल्या पोरीसारखी ओशाळले. मग खाली बसून ओल्या मातीतून तेरडा उपटत राहिले, मुळं धुऊन मांडत राहिले. घाई म्हणून कसली वाटत नव्हती. सावित्रीकडून धुकं वर येत होतं, ऊन त्यातून पिवळं होऊन गाळल्यासारखं खाली येत होतं. किती वेळ गेला देव जाणे… झोप लागली असेल तर बसल्या बसल्या, मुळं धुता धुता लागली.

मोटारसायकलच्या आवाजानं जाग आली. महाडहून मेकॅनिक आला होता, तिशीतला, सुहास नावाचा. त्यानं दाराच्या फटीत हवेची पिशवी सरकवली, फुगवली, फटीतून लांब सळई घातली आणि आतला खटका उचलला. बघता बघता दार उघडलं. मी हुश्श केलं. तो म्हणाला, “काकी, काम झाल्याचा ओटीपी आला असेल तुमच्या मोबाईलवर, तेवढा सांगा.”

मी हाताकडे बघितलं. हातात तेरडा होता, माती होती. कमरेला चाचपलं. तेवढ्यात गाडीत मेसेज आल्याचं वाजलं. ड्रायव्हरच्या सीटवर पर्स, पर्सची चेन लावलेली, चेनच्या आत मोबाईल.

सुहास माझ्याकडे बघत राहिला, मी मोबाईलकडे. ओटीपी होता. कंपनीला केलेला कॉलही त्यात होता. सुहासनं त्याच्याकडचा मेसेज दाखवला… माझंच नाव, माझाच नंबर, आणि खुणेच्या जागी ‘तेरडा फुललाय तिथे’. तो पैसेबिसे न बोलता, मागे वळून न बघता निघून गेला.

मुलाचं म्हणणं, आई, तू गाडीत बसूनच फोन केला असशील, नंतर विसरलीस. म्हणजे किल्ली आत राहायच्या आधीच मी तिची तक्रार नोंदवली, एवढी तत्पर मी कचेरीत तरी असायला हवी होते! उतारवयात भास होतात, असंही एकानं सुचवलं. होत असतील. पण भासाला पोच मिळते का? माझ्याकडे पोच आहे, आणि उत्तर नाही.

सायलीच्या सासरी पोचले तेव्हा दिवे लागून गेले होते. घाटाच्या पहिल्या वळणापासून मी रडत गाडी चालवली, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लेकीचा ओवसा माझ्या नाकापायी गेला, एवढंच डोक्यात होतं.

पण घरासमोर अंगणात सगळ्या बायका उभ्या होत्या. गौर विहीणबाईंच्याच हातात, उंबऱ्याबाहेर. सायली धावत आली, सुपं उतरवून आत नेली. मी मुळासकट आणलेला तेरडा विहीणबाईंनी आपल्या जुडीत खोचला, आणि मग गौर आत गेली. दुसऱ्या दिवशी सायलीनं ओवसा भरला.

त्या संध्याकाळी, गौर बसल्यावर, विहीणबाई माझ्यासाठी चहा घेऊन ओटीवर आल्या. आता बोलणार, म्हणून मी मान खाली घालून तयारीत बसले. त्या शेजारी बसल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या,

“विहीणबाय, तुमचा फोन आला, सुपा वाटंत हायत, गौर थांबव, म्हणून थांबवली मी. पण मला ‘सूनबाय’ कशापायी म्हनालात? तसं मला एकच बाई म्हनायची… ती जाऊन लय वर्सं झाली.”